जुन्या लुगड्याच्या तीन वाटा

१.
मराठी घरात नवजात बाळाच्या अंगावरचे पहिले पांघरूण सहसा नवे नसे. आजीच्या किंवा आईच्या अंगावर झिजून मऊ झालेल्या लुगड्याचे ते असे, आणि तोच मायेचा भाग मानला जाई. त्याच काळी, त्याच गावात, दुसऱ्याने वापरून टाकलेले वस्त्र अंगावर घालणे ही एका वस्तीवर लादलेली हीनतेची खूण होती. कापड तेच, त्याचे जुनेपणही तेच. अर्थ मात्र अगदी उलट. हा विरोध कसा निर्माण झाला आणि त्याचे पुढे काय झाले, याचा हा धागा.

२.
आधी कापडाची किंमत समजून घ्यावी लागेल. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. कापूस वेचणे, सरकी काढणे, पिंजणे, कातणे, ताणा लावणे, विणणे, रंगवणे ही सारी कामे हातांनी होत असत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. त्यापुढे गिरण्या वाढल्या, कापड हळूहळू स्वस्त होत गेले. तरीही सामान्य शेतकरी घरात लुगडे ही वर्षभर विचार करून घ्यायची वस्तू होती. अशी वस्तू फाटली म्हणून टाकून दिली जात नसे.

३.
लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याने एक भाग आधी विरतो. पदर आणि काठ बरेच दिवस टिकतात. म्हणून विरलेला भाग कापून काढीत आणि उरलेले धड तुकडे एकमेकांना जोडीत. या जोडाला ‘दंड’ म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ चाले. त्यानंतर त्यातून मुलीचे परकर-पोलके, बाळाची दुपटी, उशीचे अभ्रे, पाळण्याची झोळी निघे. मग गोधडीचा थर, मग डोक्यावर घागर ठेवण्याची चुंबळ, मग चुलीपाशी भांडे उतरवण्याचे फडके, मग पायपुसणे. शेवटी जमीन सारवण्याचे पोतेरे.

४.
ही उतरंड फार जुनी आहे. बौद्धांच्या विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्या वस्त्रांचे भिक्षू करणार काय, असे राजाने विचारले. आनंदाचे उत्तर असे : नवी वस्त्रे ज्यांची जीर्ण झाली आहेत त्यांना मिळतील, जीर्ण वस्त्रांच्या चादरी होतील, त्या जुन्या झाल्या की गादीची आवरणे, मग जमिनीवरची बैठक, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी, आणि अगदी शेवटी त्यांचे तुकडे चिखलात कालवून लिंपणासाठी वापरले जातील. राजाचे समाधान झाले. चुल्लवग्गातील विहार आणि मराठी माजघर यांच्यात इतक्या शतकांचे अंतर असूनही हिशेब जवळजवळ एकच आहे.

५.
पहिली वाट घरातल्या घरात राहते. तिचे सर्वांत ठळक रूप म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि एक लहान गोधडी अशी ही आजोळहून येणारी भेट. कुंचीला वरून खणाचे किंवा रेशमी कापड आणि काठाला किनार लावली, तरी बाळाच्या अंगाला लागणारे अस्तर जुन्या सुती कापडाचे असे.

६.
यामागे नुसती काटकसर नव्हती. नव्या सुती कापडात खळ असते, सूत ताठ असते, रंग जाण्याची शक्यता असते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यातील खळ केव्हाच निघून गेलेली असते. ते पाणी चटकन शोषते, लवकर वाळते आणि कोवळ्या कातडीला घासत नाही. शिवाय कर्त्या, दीर्घायुषी माणसाच्या अंगावरचे वस्त्र बाळाला लाभते, अशी श्रद्धा अनेक घरांत होती. अनुभव आणि श्रद्धा दोन्ही एकाच निष्कर्षाला आले होते.

७.
मोठी गोधडी, अर्थात काही भागांतील वाकळ, शिवण्याची पद्धत वरवर साधी वाटते. जुने कापड धुऊन, उसवून, सारखे केले जाते. अंगणात किंवा ओसरीवर तळाचे लुगडे ताणून पसरतात, त्यावर लहान-मोठ्या तुकड्यांचे थर मांडतात, वर दुसरे धड लुगडे येते. चारही कडांवर दगड ठेवतात. मग कडेपासून धावदोऱ्याची पहिली ओळ चारी बाजूंनी फिरते, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. अशा चौकटीत चौकट करीत टाके मध्यावर येतात. हे टाके शोभेसाठी नसतात. ते जवळजवळ नसतील, तर पहिल्याच धुण्यात आतले तुकडे एका कोपऱ्यात गोळा होतात.

८.
गोधडीला सोपा काळ उन्हाळ्याचा. शेतीची कामे थांबलेली असतात, कापड धुतले की लगेच वाळते आणि पावसाळ्यापूर्वी पांघरुणांची भर लागते. शेजारपाजारच्या बाया दुपारी एका गोधडीच्या चार बाजूंना बसत. या कामाला मजुरी नव्हती आणि ज्यात तिची नोंद व्हावी असा हिशेबही नव्हता. बलुत्याच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे. गोधडी शिवणारी नाही. ज्या वस्तूने खेड्यापाड्यांतील घरांची थंडी निवारली, तिच्या कर्त्या स्त्रिया अर्थव्यवहाराच्या नोंदीबाहेर राहिल्या.

९.
शिवणयंत्र आल्यावरही हे काम बव्हंशी हातांतच राहिले. सिंगर कंपनीची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात विकली जाऊ लागली. यंत्रयुगावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले, कारण पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. पण साध्या घरगुती यंत्राच्या दट्ट्याखाली पाच-सात थरांची जाड गोधडी सरकत नाही. यंत्राने झबली-टोपडी शिवली. गोधडी सुईकडेच राहिली.

१०.
घरातल्या या वाटेचा आदर्श सांगणारी एक लोककथा आहे. कृष्णाचे बोट कापले. बांधायला चिंधी हवी होती. सुभद्रेला आपल्या भारी वस्त्रांतून चिंधी फाडवेना; द्रौपदीने अंगावरचा भरजरी पितांबर फाडून दिला. १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातील गीतामुळे ही कथा घरोघरी पोचली. कथेचा रोख स्पष्ट आहे : चिंधीचे मोल तिच्या कापडात नाही, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नात्यात आहे.

११.
हेच सूत्र उलट दिशेने वाचले की दुसरी वाट दिसते. नाते विषम असेल, तर तेच जुने कापड अपमानाचे साधन होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात याची सरळ तरतूद आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे एक वचन सांगते. चांडाळांनी मृतांच्या अंगावरची वस्त्रे वापरावीत, असे त्याच अध्यायातील दुसरे वचन सांगते. येथे जुने वस्त्र ही भेट नाही. कोणाचे स्थान कुठे आहे, हे रोज अंगावर वागवायला लावणारी ती खूण आहे.

१२.
महाराष्ट्रातील गावगाड्यात ही तरतूद व्यवहारात उतरली होती. महारांकडे वेसकरी, सरकारी टपाल-निरोप, सीमेच्या खुणा दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे होती. त्यांच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा, धान्याचा वाटा, शिळ्या भाकरी आणि प्रेतावरचे वस्त्र यांवर त्यांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क हा शब्द येथे फसवा आहे. जो नाकारता येत नाही, आणि ज्याच्या बदल्यात राबणेही थांबवता येत नाही, तो हक्क वस्तुतः बंधनच असतो.

१३.
बाळंतविडा आणि हे वस्त्र यांतील भेद म्हणूनच कापडाच्या दर्जाचा नव्हता. आजोळची गोधडीही चिंध्यांचीच असे. पण तिच्यात कोणाच्या तरी दुपारी गेलेल्या असत, टाके घातलेले असत. कापडाला नवा आकार देऊन मगच ते दिले जाई. गावकीकडून मिळणारे वस्त्र जसेच्या तसे टाकले जाई. शिवणे ही क्रिया जुन्या कापडाचे भेटीत रूपांतर करते. ती क्रिया गाळली की उरते ते नुसते टाकलेले कापड.

१४.
या उतरंडीला आव्हान देण्याचा एक प्राचीन प्रयत्न पुन्हा विनयपिटकात सापडतो. आरंभीचे भिक्षू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून त्यांची चीवरे शिवीत. पुढे बुद्धांनी मगधातील बांधबंदिस्त शेते दाखवून तशा आखणीचे चीवर शिवता येईल का, असे आनंदाला विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. समाजाने सर्वांत खालच्या माणसाला नेमून दिलेले कापड येथे स्वेच्छेने उचलले गेले, धुतले गेले, शिवले गेले आणि पूज्य ठरले.

१५.
आधुनिक महाराष्ट्रात हीच निवड गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) वेशात दिसते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात, म्हणजे दुसऱ्यांची वस्त्रे धुणाऱ्या समाजात त्यांचा जन्म झाला. अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, हातात खराटा आणि गाडगे, असे ते गावोगाव फिरले. लोक त्यांना ‘गोधडेबुवा’ही म्हणत. त्यांनी जमवलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, अंगावरची गोधडी मात्र बदलली नाही. पण हा वेश त्यांनी निवडलेला होता. ज्यांना निवड नव्हती, त्यांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटणार होता.

१६.
तो मार्ग महाडला दिसला. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. जीर्ण वस्त्रांची तरतूद करणारा ग्रंथ तो हाच. याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत लगोलग बदलली.

१७.
त्या भाषणातील एक मुद्दा या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असले पाहिजे, असे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले. त्यांचा विरोध ठिगळाला नव्हता. स्वतःच्या कष्टाच्या कापडाला स्वतः लावलेले ठिगळ आणि दुसऱ्याने फेकलेले वस्त्र यांत त्यांनी नेमका भेद केला. काय नेसायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याचा नाही, हे त्या उपदेशाचे सार होते.

१८.
पुढची पावले कायद्याच्या वाटेवर पडली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी सुधारणा विधेयक मांडले. त्यांच्या हयातीत ही व्यवस्था पूर्णपणे मोडली नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये आला. बाबासाहेबांचा नीटनेटका सूट पुतळ्यांतून आणि तसबिरींतून गावोगाव पोचला. त्याकडे निव्वळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणून पाहणाऱ्यांनी टाकलेल्या वस्त्रांची ही सारी पार्श्वभूमी ध्यानात घ्यायला हवी.

१९.
गोधडी मात्र कोणा एका जातीची किंवा धर्माची नव्हती. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड परिसरात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि पुढे घाटावरच्या जंगलांत निसटून गेलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज त्यांत आहेत. त्यांच्या बोलीत कोकणीचा अंश मोठा आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांच्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. शिवण कडेपासून आत सरकते, आणि चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहते, असे त्या मानतात. ज्यांच्या पूर्वजांना वस्तूसारखे विकले गेले, त्यांनी नातवंडांसाठी शिवलेल्या या पांघरुणांत दारिद्र्याची लाज शोधून सापडत नाही.

२०.
तिसरी वाट बाजाराची. शहरी मराठी वाचकाला ती एकाच शब्दाने कळेल : बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे आणि दुपारच्या शांततेत येणारी हाळी. मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्यांत गुजरातमधून आलेल्या वाघरी, अर्थात देवीपूजक, समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलची भांडी मध्यमवर्गात प्रतिष्ठेची झाली आणि जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा घेणे हा घराघरांतला व्यवहार बनला.

२१.
हा सौदा दोन स्त्रियांमधला असे. एक साडीची जर पारखी, दुसरी भांड्याचे वजन. घरातील मोठ्या खर्चात जिला विचारले जात नसे, तिला येथे स्वतःच्या अखत्यारीत काही विकता आणि काही मिळवता येई. समोरची स्त्री उन्हातान्हात फिरून, गोळा केलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकणारी. बरे कपडे दुसऱ्या गरजू घरात, वाईट कपडे कारखान्यांच्या पुसण्याच्या चिंध्यांत. तरीही मराठी बोलीत बोहारणीचे नाव घासाघीस आणि आरडाओरड यांच्या उपमेसाठीच उरले. एका मोठ्या पुनर्वापराच्या साखळीची पहिली कडी तीच होती, हे क्वचितच लक्षात घेतले गेले.

२२.
टंचाईच्या काळी या तिन्ही वाटांचे महत्त्व सरकारांनाही कळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४१ मध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू केले आणि १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून गृहिणींना जुन्यातून नवे शिवण्याचे धडे दिले. त्याच १९४३ मध्ये हिंदुस्थानात कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम जारी झाला. लंडनच्या गृहिणीला जे पुस्तिकेतून शिकावे लागले, ते येथल्या खेड्यातील स्त्रीला दंड घालताना आणि गोधडी शिवताना आधीच ठाऊक होते. या ज्ञानाला येथे ना पुस्तिका लागली, ना पुस्तिकेने त्याची दखल घेतली.

२३.
गोधडीला खरी ओहोटी आणली ती समृद्धीपेक्षा धाग्याने. १९६० नंतर कृत्रिम धाग्यांचे कापड वाढत गेले. अशी साडी विरत नाही, तिचा रंग उडत नाही, इस्त्री फारशी लागत नाही; नोकरी करणाऱ्या स्त्रीला ती सोयीची होती. पण ती घाम शोषत नाही, धुऊन मऊ होत नाही, थरांत घातली की एकमेकींवरून घसरते. दुपट्याला ती निरुपयोगी ठरली. नऊवारीची जागा पाचवारीने आणि तिची जागा शिवलेल्या पोशाखांनी घेतली, तसे सलग मोठे सुती कापडही घरातून नाहीसे झाले. पुढे स्वस्त तयार ब्लँकेटे आली आणि दुपारची ती बैठक मोडली.

२४.
इतिहासाच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. बंगालच्या कांथ्यालाही जुन्या साड्यांचाच आधार आहे. पण सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी खेड्यापाड्यांतून कांथे गोळा केले, ते संग्रहालयात राहिले. जसीमउद्दीन यांनी १९२९ मध्ये नक्षी कांथ्यावर काव्य रचले. भरतकामामुळे कांथा ‘कला’ ठरला. मराठी गोधडीवर भरतकाम कमी, टाका अधिक. तिचे काम ऊब देण्याचे. ती फाटेपर्यंत वापरली गेली आणि फाटल्यावर दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेली. आपला पुरावा स्वतःच गिळणारी अशी वस्तू दप्तरखान्यात सापडत नाही.

२५.
आज गोधडी परत येत आहे. बचतगट, हस्तकला प्रदर्शने, ऑनलाइन दुकाने यांतून जुन्या कापडाच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, बाळांच्या गोधड्या विकल्या जातात. पुनर्वापर हा आता प्रतिष्ठेचा शब्द आहे. जे कापड एकेकाळी एका वस्तीवर लादले गेले, तेच आता चढ्या किमतीला निवडून घेतले जाते. हा बदल स्वागतार्ह आहे. पण तो तपासून घ्यायला हवा.

२६.
त्यासाठी इतिहासाने दिलेले तीन प्रश्न पुरेसे आहेत. देणाऱ्याने कापडावर काही श्रम केले आहेत, की नुसते ते टाकले आहे? घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते का? आणि शिवणाऱ्या हातांना त्यांचे मोल मिळते का? पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या कपड्यांत फाटके, मळके कपडे येतात तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतात, आणि दुसरी वाट नकळत पुन्हा उघडते. तेच कपडे धुऊन, दुरुस्त करून, घडी घालून दिले तर त्यांचा अर्थ बदलतो.

२७.
ज्या घरांत अजून जुनी गोधडी आहे, तेथे एक काम लगेच करता येण्याजोगे आहे. तिच्यातला कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणाच्या सदऱ्याचा, ती कोणी, कोणत्या साली, कोणासाठी शिवली, हे घरातील वयस्कर स्त्रीला विचारून लिहून ठेवावे. बलुत्याच्या यादीत जिचे नाव आले नाही, तिची नोंद निदान घरच्या वहीत तरी होईल.

(धागा समाप्त)